संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअर : उल्लेख व संदर्भसूचीतील दोष

पुस्तके, लेख, अहवाल यांच्या नोंदी एकदाच साठवून त्यांतून मजकुरातील उल्लेख आणि शेवटची संदर्भसूची आपोआप मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला संदर्भ-व्यवस्थापक म्हणतात. झोटेरो, मेंडली, एंडनोट, जॅबरेफ ही त्यांतली परिचित नावे. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलेले झोटेरो मोफत असल्याने प्रबंध लिहिणाऱ्याला परवडते; इथे मुख्यतः तेच गृहीत धरले आहे.

सूची बिघडली की दोष तीनपैकी एका जागी असतो : साठवलेल्या नोंदीत, मांडणी ठरवणाऱ्या शैलीत किंवा वर्डच्या फाइलमधल्या फील्डमध्ये, म्हणजे उल्लेखामागे सॉफ्टवेअरने ठेवलेल्या, आपोआप बदलणाऱ्या कोडमध्ये. मराठी संदर्भांच्या बाबतीत तो बहुधा नोंदीतच सापडतो. तरीही विद्यार्थी वर्डमधली सूचीच हाताने दुरुस्त करत बसतात आणि पुढच्या ‘रिफ्रेश’ला, म्हणजे सॉफ्टवेअरने नोंदींवरून सूची नव्याने मांडली की, ती सगळी मेहनत पुसली जाते.

नावांचा घोळ सर्वांत मोठा. साताऱ्याच्या शिक्षणाच्या इतिहासावर इंग्रजीत लिहिणाऱ्याला रयत शिक्षण संस्थेचे अहवाल लागतातच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे नाव लेखक म्हणून भरताना झोटेरो दोन रकाने देतो, एक आडनावाचा आणि एक पहिल्या नावाचा. शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात गेला, की एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भ-शैलीत ‘संस्था, आर. एस.’ नावाचा कोणी गृहस्थ सूचीत येऊन बसतो. नावाशेजारच्या छोट्या बटणाने दोन रकान्यांचा एकच केला, की संस्थेचे नाव अखंड छापले जाते. ग्रामपंचायत, सहकारी साखर कारखाना, जिल्हा परिषद यांच्या अहवालांनाही हाच उपाय.

व्यक्तींच्या बाबतीत पदव्या आडव्या येतात. वाईत कार्यालय असलेल्या मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) एकाच प्रबंधात ‘तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री’, नुसते ‘लक्ष्मणशास्त्री’ आणि ‘ल. शा.’ असे तीन प्रकारे नोंदले गेले, की सॉफ्टवेअर त्यांना तीन वेगळे जोशी मानते. मग उल्लेखात आडनावाच्या आधी आद्याक्षरे उगवतात. सूचीत खरोखरच दोन वेगळे जोशी असतील तर आद्याक्षरे छापणे योग्यच, तो दोष नव्हे. पण माणूस एकच असेल तर नावाचे एक रूप ठरवून सर्व नोंदींत तेच ठेवावे. ‘तर्कतीर्थ’ ही पदवी नावाच्या रकान्यात घालू नये. एकच पुस्तक दोनदा साठवले गेल्यास वर्षापुढे ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरे लागतात. अशा वेळी जादा नोंद उडवू नये, दोन्ही एकत्र कराव्यात. उडवलेली नोंदच नेमकी उल्लेखात वापरलेली असेल, तर उल्लेखाचा धागा तुटतो.

जुन्या मराठी पुस्तकांवर शकाचे वर्ष असते. तारखेच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत ‘शके 1832’ लिहिले, तर सॉफ्टवेअर ते इसवी सन समजते आणि १९१०चे पुस्तक सूचीत ७८ वर्षे मागे जाते. देवनागरी आकड्यांत लिहिले, तर ते वर्ष म्हणून ओळखलेच जात नाही आणि क्रम विस्कटतो. शकात ७८ मिळवून, पौष महिन्यात जानेवारी लागल्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवून, येणारे इसवी सन इंग्रजी आकड्यांत भरावे. मूळ शक ‘एक्स्ट्रा’ रकान्यात जपून ठेवावा, कारण तोही त्या पुस्तकाचा पुरावा आहे.

फाँटचा प्रश्न इंग्रजी मदतपानांत सापडत नाही. टायपिंग करून देणारे प्रबंध श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवतात, तर संदर्भ-व्यवस्थापक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षर-संकेतांत लिहितो. मजकूर व्यवस्थित आणि सूचीच्या जागी चौकोन, किंवा याच्या नेमके उलट, असे दिसले तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नये. आधी पूर्ण प्रबंध युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. अशा फाँटमधल्या पीडीएफमधून माहिती आपोआप उचलताना निरर्थक अक्षरे येतात, आणि नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफमधून काहीच येत नाही. तिथे नोंद हातानेच भरावी लागते.

‘इत्यादी’, ‘तत्रैव’ यांच्या जागी इंग्रजी शब्द येत असतील, तर ते शैलीच्या भाषेमुळे. शैलीच्या फाइलमध्येच मराठी शब्द घालता येतात.

नोंद दुरुस्त केली, रिफ्रेश केले, तरी उल्लेख बदलत नसेल, तर तो आधी कधीतरी वर्डमध्ये हाताने बदललेला असतो किंवा दुसऱ्याच्या संगणकावरून घातलेला असतो. तो काढून आपल्या संग्रहातून पुन्हा घालावा. ऑल्ट आणि एफ-९ दाबल्यावर उल्लेखाच्या जागी फील्डचा कोड दिसला नाही, तर तो साधा मजकूर झालेला आहे. वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरताना उल्लेख ‘रेफरन्स मार्क’ म्हणून साठवण्याचा पर्याय ठेवून फाइल वर्डच्या स्वरूपात जतन केली तरी असेच होते.

दोष कुठे आहे ते कळेनासे झाले, तर कोऱ्या फाइलमध्ये एकच उल्लेख घालून पाहावा. तिथे काम झाले तर बिघाड प्रबंधाच्या फाइलमध्ये आहे. मग प्रत काढून अर्धा मजकूर वेगळा करावा, रिफ्रेश करावे, ज्या अर्ध्यात अडते त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. दोनशे उल्लेखांच्या प्रबंधातही सात-आठ फेऱ्यांत खराब उल्लेख हाती लागतो. शिवाजी विद्यापीठात द्यायची अंतिम फाइल मात्र वेगळी प्रत काढूनच ‘अनलिंक’ करावी, म्हणजे तिचे उल्लेख सॉफ्टवेअरपासून तोडून साधा मजकूर करावेत. मूळ फाइलचे दुवे तोडले आणि परीक्षकांनी चार संदर्भ वाढवायला सांगितले, तर सगळी सूची हाताने लिहावी लागते.