द लायटनिंग थीफ

द लायटनिंग थीफ ही अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांची २००५ साली आलेली इंग्रजी फँटसी कादंबरी, पर्सी जॅक्सन मालिकेतलं पहिलं पुस्तक. ग्रीक पुराणातले देव अजून आहेत आणि सध्या त्यांचा मुक्काम अमेरिकेत आहे, एवढ्या एका कल्पनेवर सगळी गोष्ट उभी आहे. पुस्तकाला यंग अडल्ट म्हणतात खरं, पण हिरो बारा वर्षांचाच आहे आणि इंग्रजी वाचायची सवय असलेली सहावी-सातवीतली मुलंसुद्धा एका दमात वाचून काढतात.

रायर्डन शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. त्यांच्या मोठ्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबूळ) आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचायला अडचण) होता, अभ्यास नको वाटायचा, ग्रीक पुराणकथा तेवढ्या आवडायच्या, म्हणून ते रोज झोपताना त्याच सांगायचे आणि माहीत असलेल्या संपल्या तशी नवीन रचायला लागले, त्यातून पर्सी आला. पर्सीलाही तेच दोन्ही आहे, एकामागून एक शाळांमधून काढून टाकलेला मुलगा. पुढे त्याला कळतं की अक्षरं नाचतात कारण त्याचा मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचायला बनलाय, आणि एका जागी बसवत नाही ती चुळबूळ म्हणजे लढाईत जीव वाचवणारी चपळाई. माझ्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे, कारण वर्गात सतत बोलणी खाणाऱ्या किती तरी मुलांना पहिल्यांदाच आपल्यासारखा हिरो मिळाला.

कथानक थोडक्यात असं. देवांचा राजा झ्यूस याचं वज्र चोरीला गेलंय आणि संशय पर्सीवर आहे, कारण तो समुद्रदेव पोसायडनचा मुलगा निघतो, म्हणजे देव बाप आणि माणूस आई. उन्हाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या, आत ते परत मिळालं नाही तर देवांमध्ये युद्ध ठरलेलं. लाँग आयलंडवर अशा अर्ध्या देव असलेल्या मुलांचा कॅम्प आहे, तिथून पर्सी, बुद्धीची देवी अथीना हिची मुलगी ॲनाबेथ आणि ग्रोव्हर नावाचा सॅटर, म्हणजे कमरेखाली बोकड असलेला दोस्त, असे तिघं लॉस एंजेलिसला निघतात, कारण वज्र पाताळात असेल असा अंदाज आहे आणि पाताळाचा रस्ता तिथल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओतून जातो. देवांचं घर ऑलिंपस आहे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. वाटेत लास व्हेगासला एका कसिनोत थोडा वेळ थांबतात आणि बाहेर येऊन बघतात तर पाच दिवस गेलेले.

सगळ्यात जमलेला भाग मेड्युसाचा, म्हणजे जिच्याकडे बघितलं की माणूस दगड होतो तिचा. न्यू जर्सीत हायवेच्या कडेला बागेतले पुतळे विकणारं दुकान, चेहरा झाकलेली एक बाई, बर्गरचा वास आणि तीन उपाशी मुलं. पुतळ्यांचे चेहरे इतके घाबरलेले का आहेत हा प्रश्न पडतो तेव्हा जेवण होत आलेलं असतं. पर्सी काचेच्या गोळ्यात तिचं प्रतिबिंब बघत डोकं उडवतो, मूळ कथेतला वीर पर्सियस चकचकीत ढालीत बघतो तसं, आणि मग रागाच्या भरात ते डोकं बॉक्समध्ये पॅक करून ऑलिंपसला पार्सल करून टाकतो. पुराणाचा सांगाडा तोच ठेवायचा आणि कृती मात्र आजच्या चिडलेल्या पोराची, हे रायर्डनना फार छान साधलंय.

पर्सीचा राग उगाच नाहीये. इथले देव पोरं जन्माला घालतात आणि विसरतात. कॅम्पमध्ये देवांचा दूत हर्मीस याच्या केबिनमध्ये कितीतरी मुलं जमिनीवर झोपतात, कोणत्याच देवाने त्यांना आपलं म्हटलेलं नाही म्हणून. खरा चोर ल्यूक हा हर्मीसचाच मुलगा (ज्यांना वाचायचंय त्यांनी हे वाक्य विसरा) आणि त्याच्या फितुरीचं मूळ याच उपेक्षेत आहे, त्यामुळे तो नुसता व्हिलन वाटत नाही. याच्या उलट पर्सीची आई सॅली, कँडीच्या दुकानात काम करणारी, घाणेरड्या नवऱ्याला सहन करणारी, कारण त्याच्या वासाने राक्षसांना मुलाचा माग लागत नाही. मुलाचं नाव तिने पर्सियसवरून ठेवलं, ग्रीक वीरांमध्ये शेवट चांगला झालेला असा तो विरळाच.

मालिकेतलं पाचवं पुस्तक २००९ मध्ये आलं. २०१० च्या सिनेमात पर्सीला वयाने मोठा केला आणि त्यातच निम्मी मजा गेली, स्वतः रायर्डननी त्यावर उघड नाराजी व्यक्त केलीय. डिसेंबर २०२३ पासून डिस्ने प्लसवर आलेल्या वेबसिरीजच्या लेखनात आणि निर्मितीत ते स्वतः होते, पर्सी पुन्हा बाराचा झाला आणि मेड्युसाला तिची बाजू मांडायला जागा मिळाली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी अजून एक. रायर्डन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रकाशन विभागाचं पहिलं पुस्तक २०१८ मध्ये आलं ते रोशनी चोक्शी यांचं आरू शाह, ज्यात अटलांटामधली एक मुलगी अर्जुनाचा पुनर्जन्म निघते आणि तिच्या सोबतच्या मुलींमध्ये एक युधिष्ठिर, एक भीम असते. महाभारत घरात ऐकत वाढलेल्या मुलांना खरं तर आधी हे द्यावं आणि मग पर्सी.