मासे मरतात एकीकडे, घाण मिसळते दुसरीकडे

नदीत मेलेले मासे तरंगू लागले की लोक तिथल्याच काठावर दोषी शोधतात. तो बहुधा तिथे नसतो. सांडपाणी पडल्यावर त्यातला सेंद्रिय मैला जिवाणू खाऊ लागतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवत जातात. या कामाला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. त्यामुळे प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो नाल्याच्या तोंडाशी नव्हे, तर बरंच अंतर खाली, कधी कित्येक किलोमीटरवर. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ साली हे गणितात मांडलं. नदीचा वेग आणि तापमान ठाऊक असेल तर त्याच गणिताने उलटं, प्रवाहाच्या वर मागे जाता येतं.

मात्र नमुन्यातलं प्रदूषकाचं प्रमाण एकटं फसवतं. काळाकुट्ट नाला लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट आणतो आणि त्यातून सेकंदाला ०.१ घनमीटर पाणी वाहतं, असं धरू. म्हणजे सेकंदाला ४ ग्रॅम. शेजारची नितळ उपनदी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच आणते, पण तिचा प्रवाह २० घनमीटर; म्हणजे सेकंदाला ६० ग्रॅम. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी नदी पंधरापट भार टाकते आहे! म्हणूनच प्रवाह न मोजता नुसत्या बाटल्या भरून आणण्याला मी अर्धंच काम मानतो.

पाऊसही बरंच सांगून जातो. पाणी वाढल्यावर प्रदूषकाचं प्रमाण घटलं, तर बारमाही वाहणाऱ्या एखाद्या पाइपवर संशय घ्यावा: त्याची घाण तेवढीच राहिली, पाणी वाढलं. प्रमाण उलट चढलं, तर ते शेतांतून, रस्त्यांवरून, उकिरड्यांवरून धुऊन येत असण्याची शक्यता जास्त. हे पकडायचं तर भर पावसात आणि रात्रीही नमुने घ्यावे लागतात. महिन्यातून एकदा, भरदिवसा घेतलेल्या नमुन्यात यातलं फारसं काही दिसणार नाही.

यानंतर प्रयोगशाळेतल्या खुणांची पाळी. सुक्रालोजसारखे कृत्रिम गोडवे आणि कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध सांडपाणी प्रक्रियेतूनही बऱ्याच अंशी तसंच बाहेर पडतं. ते नदीत सापडलं की माणसांचं सांडपाणी मिसळतंय हे उघड होतं. आतड्यातल्या जिवाणूंच्या डीएनएवरून विष्ठा माणसाची की गुराढोरांची तेही कळतं. नायट्रेट मैल्यातून किंवा शेणातून आलं असेल तर त्यात नायट्रोजन-१५ हे जड समस्थानिक, म्हणजे नायट्रोजनचाच थोडा जड अणू, जास्त असतं; रासायनिक खतातून आलं असेल तर कमी. इथे एक गफलत होते. काही जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करताना हलका नायट्रोजन आधी वापरतात, आणि उरलेलं खताचं नायट्रेट मैल्यासारखं दिसू लागतं. ऑक्सिजनची समस्थानिकं सोबत तपासली तर ही चूक बरीचशी टळते.

सगळ्यात चिकाटीचा शोध मला वाटतो तो कोहो साल्मन माशांचा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटल परिसरात, अंडी घालायला शहरी ओढ्यांत परतलेले हे मासे पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच मरत. किती तरी वर्षं कीटकनाशकं, धातू, इंधनं तपासून झाली, तरी कारण सापडेना. मग संशोधकांनी टायरच्या कणांचा अर्क घेतला. त्यात दोन हजारांहून अधिक रसायनं होती. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात मासे सोडायचे, ज्यात ते मरतील तोच भाग पुन्हा विभागायचा. अखेर एक रेणू उरला: ६पीपीडी-क्विनोन. टायरला ओझोनपासून वाचवण्यासाठी घातलेलं ६पीपीडी ओझोनशी संयोग पावतं आणि हे विष तयार होतं. २०२० साली ही ओळख प्रसिद्ध झाली. ज्याला कुठलाच पाइप नाही असा तो स्रोत होता, ओढ्याकडे उतरणारा प्रत्येक रस्ता. रेणूचं नाव कळण्याआधीच प्रयोगांत एक दिसलं होतं: रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून मुरवून सोडलं, तर कोहो जगतात.