पार्श्वभूमी: एमआरआय, कूर्चा आणि अडगळीत गेलेली एक चाचणी

गुडघ्याच्या एक्स-रेवर ‘गॅप कमी झाली’ म्हणतात, पण कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, एक्स-रेवर दिसतच नाही. दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर. १९५७ पासून रूढ असलेली सांधेझिजेची शून्य ते चार ही श्रेणीही ऑस्टिओफाइट (हाडाच्या कडेला वाढलेले काटे) आणि या अंतरावरच ठरते. मेनिस्कस (दोन हाडांमधली गादी) बाहेर सरकला तरी अंतर घटतं, तेव्हा कूर्चा झिजलीच असेल असं नाही.

एमआरआयमुळे कूर्चा थेट दिसू लागली. तरी सुरुवातीला सगळं लक्ष मेनिस्कस आणि लिगामेंटकडेच होतं. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या कापात दोन ते चार मिलिमीटरचा वक्र थर नीट उतरणार कसा? नव्वदच्या दशकात फॅट दाबून घेतलेल्या त्रिमितीय ग्रेडियंट इको या स्कॅनपद्धतीने काप दीड मिलिमीटरवर आणला. हाड काळं, कूर्चा पांढरी. या प्रतिमांत कूर्चेच्या मधोमध एक काळी रेघ दिसे आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे थरच दाखवते, असं बरेच दिवस मानलं गेलं. मॅट्रिक्स, म्हणजे प्रतिमेतल्या पिक्सेलची संख्या, वाढवला की काही रेघा जागा बदलत. म्हणजे त्या ऊतीच्या नव्हे, अपुऱ्या पिक्सेलच्या होत्या.

अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत ४,७९६ जणांचे गुडघे ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या स्कॅनरवर ०.७ मिलिमीटरच्या कापांनी वर्षानुवर्षं तपासले गेले. जाडी मोजण्याचं तंत्र इथे पक्कं झालं. मात्र नुसत्या जाडीने काय साधतं, हा प्रश्न राहिलाच. २०१९ मध्ये स्प्रिफर्मिन या कूर्चा वाढवण्यासाठीच्या औषधाच्या चाचणीत दोन वर्षांत कूर्चा प्लासिबोच्या (नकली औषधाच्या) तुलनेत सुमारे ०.०५ मिलिमीटरने जाड राहिली, पण वेदनेत लक्षणीय फरक पडला नाही.

जाडी घटण्याआधी कूर्चेतले ग्लायकोसअमिनोग्लायकन, म्हणजे गॅग, कमी होतात. त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. ऋण प्रभाराचं गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध, दिलं तर ते गॅग विरळ झालेल्या जागी जास्त शिरतं आणि तिथला टी१ (चुंबकीय सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) उतरतो. डी-जेमरिक नावाची, पुढे अडगळीत गेलेली चाचणी ती हीच. डोस किलोमागे ०.२ मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. शिरेत दिल्यावर दहा मिनिटं चालायचं, मग गुडघ्यासाठी साधारण दीड तास थांबून टी१ मॅप, म्हणजे कूर्चेतल्या जागोजागच्या टी१चा नकाशा, घ्यायचा. बिघडायचं ते इथेच. रुग्ण न चालता बसून राहिला की औषध कूर्चेत पोचत नाही आणि टी१ उगाच चांगला येतो. पटेलाची (गुडघ्याच्या वाटीची) जाड कूर्चा भरायला वेळ लागतो. वजनावर डोस ठरत असल्याने स्थूल माणसाच्या रक्तात औषध जास्त राहतं, म्हणून बीएमआयनुसार दुरुस्ती करावी लागते.

२००६ मध्ये गॅडोलिनियम आणि मूत्रपिंड निकामी असलेल्यांतल्या त्वचा ताठरण्याच्या आजाराचा संबंध पुढे आला. २०१४ मध्ये मेंदूत साचल्याच्या खुणा दिसल्या. २०१७ मध्ये युरोपात लिनिअर, म्हणजे सरळ साखळीच्या रचनेचं, गॅडोलिनियम शिरेतून देण्यावर मोठे निर्बंध आले. डी-जेमरिकचं गॅडोपेंटेटेट त्यातलंच, ते फक्त सांध्यात टोचण्यापुरतं उरलं. मेंदूला अपाय झाल्याचा पुरावा तेव्हाही नव्हता, निर्णय खबरदारीचा होता. धडधाकट तरुणाला संशोधनासाठी दुप्पट डोस देणं आधीही अवघडच होतं, हे खरं. तरीही कूर्चेच्या अभ्यासाला हा निर्णय महागात पडला. पर्यायी मॅक्रोसायक्लिक (वलयाच्या रचनेच्या) गॅडोटेरेटवर दोनऐवजी एकच ऋण प्रभार असतो, त्यामुळे जुन्या आकड्यांशी नवे आकडे सरळ जुळत नाहीत.

मग सगळे टी२ (सिग्नल विरायला लागणारा वेळ) मॅपिंगकडे वळले, कारण सुई नको. (सोडियम इमेजिंग गॅगच्या जवळ जातं, पण सिग्नल इतका तुटपुंजा की ७ टेस्लाशिवाय फारसं जमत नाही.) टी२ मात्र गॅग मोजत नाही. तो पाण्याबद्दल आणि कोलाजन तंतूंच्या मांडणीबद्दल सांगतो. तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी सुमारे ५५ अंशांत आले की निरोगी कूर्चेतही टी२ चढतो, आणि फीमरच्या कंडाइलचा (मांडीच्या हाडाच्या खालच्या गोल टोकाचा) वळणदार भाग नेमका त्या कोनात सापडतो. जिना चढून आलेल्या माणसाला लगेच स्कॅनरमध्ये घातलं तर दाबलेल्या कूर्चेचा टी२ कमी येतो, म्हणून आधी अर्धा तास पाय मोकळे ठेवून बसवतात. टी२ काढण्यासाठी एकामागून एक घेतलेल्या सिग्नलांच्या, म्हणजे इकोंच्या, मालिकेतला पहिला इको बरेच जण गणितातून वगळतात. तो ठेवला की टी२ फुगतो. एका ठिकाणी ठेवला आणि दुसऱ्या ठिकाणी वगळला, तर त्याच गुडघ्याचे दोन आकडे निघतात.