मांडी चपटी की पाऊल? फोरिड आणि प्लॅटिपेझिड माश्या

अळिंबीच्या शेडमधली फोरिड माशी उत्पादकांना पुरती ठाऊक आहे: पाठीला कुबड, झटके देत पळणं, बुरशीच्या तंतूंवर पोसणाऱ्या अळ्या. वैताग येतो तो पानावर गिरक्या घेत धावणारी प्रत्येक बारीक माशी फोरिड ठरवली जाते तेव्हा. प्लॅटिपेझिडी या वेगळ्या कुळातल्या माश्याही तशाच धावतात. माव्याने पानावर टाकलेला चिकट गोड स्राव चाटत फिरतात. नुसत्या चालीवरून नाव देऊ नका.

खरी गफलत मागच्या पायाची. दोन्ही कुळांच्या वर्णनात तो चपटा म्हटलेला असतो आणि वाचणारा तिथेच थांबतो. चपटा नेमका कुठे, हे पाहायलाच हवं. फोरिडची मांडी रुंद, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असते; पाऊल मात्र सडपातळ. प्लॅटिपेझिडची मांडी साधी, चपटी होतात ती पावलाची पेरं. तीही मुख्यतः मादीत. नरांमध्ये ही खूण बऱ्याचदा इतकी फिकी असते की पायावर विसंबण्यात अर्थ नाही. मग पंख बघा. फोरिडच्या पंखात पुढच्या कडेच्या मोजक्या शिरा जाड, बाकीच्या पुसट, तिरप्या आणि एकमेकींना न जोडलेल्या. प्लॅटिपेझिडच्या शिरा पंखभर नीट पसरलेल्या असतात. पंख दिसत नसेल अशा फोटोवरून कुळाचं नाव सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे.

'बुरशीत सापडली' हाही पुरावा नव्हे. प्लॅटिपेझिडच्या अळ्या फक्त बुरशीत वाढतात हे खरं, पण फोरिडच्या अळ्या बुरशीसकट गटारातल्या घाणीत, कुजक्या मांसात, काही जातींत तर जिवंत मुंग्यांच्या शरीरातही वाढतात. प्लॅटिपेझिडचं वेगळेपण पाहायचं तर युरोपातली ॲगॅथोमायिया वांकोविक्झी बघावी. गॅनोडर्मा अप्लानाटम या झाडावरच्या कठीण बुरशीच्या खालच्या अंगाला तिच्या अळ्यांमुळे बोंडांसारख्या गाठी येतात. बुरशीवर गाठी आणणारा कीटक ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे. याच कुळातल्या मायक्रोसानियाचे थवे लाकडाच्या धुराकडे ओढले जातात.

वर्गीकरणात दोन्ही कुळं शेजारी आहेत. कोषातून बाहेर पडताना घरमाशीच्या कपाळातून फुगणारी पिशवी दोघींनाही नसते, म्हणून त्यांना पूर्वी अस्किझा या गटात घालत. आता तो नैसर्गिक गट मानत नाहीत. फोरिड कुळात वर्णन झालेल्या जाती हजारोंनी आहेत, प्लॅटिपेझिडी कुळात काही शेच.