नस दबली की तुटली?

मुंबईच्या बोलीत ‘नस’ म्हणजे रक्तवाहिनीही आणि चेतातंतूंची जुडीही. मनगटाला काच लागून ‘नस कापली’ की सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे. टाके पडतात, पट्टी बसते आणि करंगळी बधिर आहे हे आठवड्याने लक्षात येतं.

तुटलेल्या जागेपुढचा चेतातंतूचा धागा मरतो, हे 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं गेलं. 1943 मध्ये युद्धातल्या जखमांवरून इजेचे तीन प्रकार ठरले. पहिल्यात फक्त आवरण चेपतं, धागा शाबूत राहतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्याचं मनगट सकाळी लोंबतं ते यामुळे, आणि बहुतेकदा काही आठवड्यांत ते आपोआप सुधारतं. दुसऱ्यात धागा तुटतो, पण त्याची नळी टिकते. त्या नळीतून तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. तिसऱ्यात नळीसकट सगळं तुटतं. वाढणाऱ्या टोकांना वाट मिळत नाही, त्यांचा गुंता होऊन दुखरी गाठ बनते. 1951 मध्ये या तिन्हींच्या पाच पायऱ्या झाल्या. आपल्याकडे मात्र सगळ्याला ‘नस दबलीय’ एवढंच.

थांबायचं किती, हा वाद इथूनच सुरू होतो. युद्धकाळात तीन आठवडे थांबून नस जोडत, कारण गोळीने टोकाचा किती भाग निकामी झाला ते आधी कळत नसे. गोळीच्या जखमेला ते बरोबरच होतं. पण तोच सल्ला काचेने स्वच्छ कापलेल्या नसेलाही बराच काळ चिकटून राहिला. आता अशी नस काही दिवसांतच सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नायलॉनने शिवतात. टाक्यावर ताण नको. टोकं ओढूनताणून जुळवली तर मध्ये व्रण धरतो. फट मोठी असेल तर पोटरीमागची संवेदना-नस काढून तुकडा बसवतात, त्याच्या बदल्यात पाऊल बाहेरच्या कडेला बधिर होतं.

बंद इजेचं, म्हणजे कातडी न कापता आत नस दुखावते तेव्हाचं, उत्तर एवढं सरळ नाही. पावसाळ्यात खड्ड्यात बाइक घसरते, डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो, आणि मानेतून हातात जाणाऱ्या नसा ओढल्या जातात. पहिला प्रकार आपोआप सुटेल म्हणून साधारण तीन महिने वाट पाहण्याची रीत आहे. प्रत्यक्षात तपासणी लवकर उरकली जाते: स्नायूत सुई घालून केलेल्या चाचणीत तुटीच्या खुणा दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, पाचव्या दिवशीच्या रिपोर्टवर विसंबणं फसवं. मग ‘बघू’ म्हणता म्हणता सहा महिने जातात. हिशेब मात्र कठोर आहे. मानेपासून तळहातापर्यंत 70 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 700 दिवस. निरोपाविना स्नायू तग धरतो तो वर्ष-दीड वर्ष. म्हणूनच 1994 मध्ये मांडलेली युक्ती महत्त्वाची ठरली: चालू असलेल्या शेजारच्या नसेतली एक जुडी कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या अगदी जवळ जोडायची, म्हणजे प्रवास काही सेंटिमीटरवर येतो.

मेंदू आणि मज्जारज्जूत प्रौढपणी धागे पुन्हा वाढत नाहीत, असा निर्वाळा 1928 मध्ये दिला गेला. 1981 मध्ये उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा तिथलेही धागे त्यात शिरून वाढले. म्हणजे अडचण बरीचशी भोवतालची. माणसासाठी उपचार अजून तिथून निघालेला नाही. लकव्यानंतर जे सुधारतं त्यात उरलेल्या वाटांनी काम वाटून घेण्याचा मोठा हात असतो, म्हणून व्यायाम. ‘मज्जारज्जू’ आणि ‘अस्थिमज्जा’ यांत शब्द एकच असला तरी नातं नाही. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या गरातल्या, मूलपेशी मणक्यात टोचायला 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मंजूर चाचणीबाहेर परवानगी देत नाहीत.