‘टॉनिकच ते, गोळीबरोबर घेतलं तर काय होतंय?’

पर्वती चढून आल्यावर कट्ट्यावर हमखास मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा थायरॉइडच्या गोळीचा होतो. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मात्र चार तासांनंतरच. ती सोबत घेतली तर आतड्यातच थायरॉक्सिनला चिकटते आणि औषध रक्तात कमी उतरतं. मग टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा रक्तचाचणीतला आकडा) वाढतो, डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कॅल्शियम बंद केलं की तोच वाढीव डोस जास्त होऊन छाती धडधडते. दोष गोळीचा नव्हे, वेळेचा.

केसांसाठीचं बायोटिन औषध अडवत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या चाचणीत टीएसएच खोटा कमी दाखवतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, गोळीत मात्र ५ ते १० मिलिग्रॅम! रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, तेही डॉक्टरांना सांगून.

काही जोड्यांत अंतर ठेवूनही भागत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनवर असताना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलने रक्तस्रावाचा धोका वाढतो (आमटीतली चिमूटभर हळद वेगळी). रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी ‘कमी सोडियमचं’ मीठ परस्पर सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असतं, या गोळीमुळे ते रक्तात साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीबरोबर या टॉनिक-कॅप्सूलच्या डब्याही पिशवीत टाका. डब्यामागचं लेबल त्यांना वाचू द्या.