मंदी दूरची, झळ मुरगावला

मार्च २०२२ चा दुसरा आठवडा. गोव्यातल्या मोरजीत ओळखीच्या एका गेस्ट हाउसच्या काउंटरपाशी मी चहा घेत बसलो होतो. एक रशियन बाई बिल भरायला आली. कार्ड लावलं, चाललं नाही. दुसरं काढलं, तेही नाही. खात्यात पैसे होते, तिने मोबाइलवर शिल्लक दाखवलीसुद्धा. पण युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातलं काम थांबवलं होतं आणि रशियन बँकांची कार्डं परदेशात निकामी झाली होती. मालकाने मशीन बाजूला सारलं आणि पेडण्याच्या बोलीत मला विचारलं, "पयशे तिचे, बँक तिची. बंद केले कोणे?"

उत्तर सोपं होतं, पण मालकाच्या प्रश्नात 'कोणत्या अधिकाराने' हेही होतं. जागतिक मंदी आणि परकी हस्तक्षेप हे विषय वर्तमानपत्रात वेगवेगळ्या पानांवर असतात. गोव्यात ते बहुतेक वेळा एकाच बोटीतून उतरतात, आणि एकदा तर हस्तक्षेपाच्या वादाचा विषय गोवाच होता. त्यामुळे इथल्या हॉटेलात भाजीपाव खाताना या विषयावर जी जुंपते ती पुस्तकी नसते.

सुरुवात मुरगाव बंदरातून करू. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगाल तटस्थ राहिला. साहजिकच तीन जर्मन आणि एक इटालियन मालवाहू जहाज आसऱ्याला मुरगावात येऊन थांबलं. त्यांतल्या 'एहरेनफेल्स'वर गुप्त ट्रान्समीटर असून तो हिंदी महासागरातल्या जहाजांचे ठावठिकाणे जर्मन पाणबुड्यांना कळवतो, अशी ब्रिटिशांची खात्री झाली. पण तटस्थ देशाच्या बंदरात सैन्य घालायचं कसं? मग कलकत्त्यातल्या 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी राखीव पलटणीतले लोक निवडले गेले. हे बहुतेक ऑफिसात बसणारे, पोट सुटलेले, मध्यमवयीन गोरे साहेब. 'फीबी' नावाच्या, गाळ वाहून नेणाऱ्या जुन्या बार्जमधून ते ९ मार्च १९४३ च्या रात्री बंदरात शिरले. इतर खलाशी जहाजावर राहू नयेत म्हणून त्या रात्री किनाऱ्यावर त्यांच्या मौजमजेची मुद्दाम सोय केलेली होती. एहरेनफेल्सचा कप्तान मारला गेला, जर्मनांनी स्वतःच जहाज बुडवलं, आणि ते पाहून बाकीच्या तिघांनीही तेच केलं. हे सगळं १९७८ पर्यंत बाहेर फुटलं नाही. तटस्थतेचा भंग झाला की नाही, असं विचारायला कोणी उरलंच नव्हतं, कारण कागदोपत्री काही घडलेलंच नव्हतं.

पुढचा हस्तक्षेप मात्र उघड होता आणि तो आपल्याच बाजूने होता. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. आधीपासून आवळत आणलेली आर्थिक नाकेबंदी भारताने मग पूर्ण केली. कॅसलरॉककडून येणारी रेल्वे थांबली, सीमा बंद झाली, मुंबईत नोकरीला असलेल्याला घरी पैसे पाठवणंही अवघड झालं. तांदूळ, भाजी, कापड सगळं घाटावरून येणारा प्रदेश, त्यामुळे लिस्बन लवकरच गुडघे टेकेल असा हिशेब होता.

तो चुकला. बटाटे हॉलंडहून येऊ लागले, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून. त्याच वर्षी पोर्तुगिजांनी स्वतःची विमान कंपनी काढली आणि दाबोळीचा विमानतळ उभा राहिला. या सगळ्याला पैसा लागत होता, आणि तो आला डिचोली, सत्तरी, सांग्याच्या डोंगरांतून. महायुद्धात बेचिराख झालेला जपान पोलाद कारखाने नव्याने उभारत होता. त्याला लोहखनिज हवं होतं आणि गोव्यात ते नदीच्या काठाशी मिळत होतं. खाणीतून ट्रक, ट्रकमधून बार्ज, मांडवी-झुवारीतून मुरगाव, तिथून जहाज. ही साखळी नाकेबंदीच्या काळात पक्की झाली. पणजीच्या दुकानांत परदेशी साबण, घड्याळं, मद्य स्वस्त मिळू लागलं. जुने लोक अजून त्याच्या आठवणी काढतात, तेव्हा मला जरा कसंनुसं होतं, कारण त्याच वर्षांत सीमेवरच्या गावांतली माणसं पलीकडच्या आठवडी बाजाराला मुकली होती.

आजकाल निर्बंधांवर तावातावाने बोललं जातं, पण नाकेबंदीचं हे घरचं उदाहरण कोणी देत नाही. सहा वर्षांच्या नाकेबंदीने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाकला नाही. खाणमालक आणि आयातदार वाढले. आणि भारताकडे पाठ करून परदेशी गिऱ्हाइकाकडे तोंड केलेली अर्थव्यवस्था मागे उरली. १९६१ नंतर सत्ता बदलली, पण तोंड तिकडेच राहिलं.

त्या डिसेंबरची गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे, पण बहुतेकांना अर्धीच. १७ च्या रात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झालं, १९ ला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा शरण आले. 'शेवटच्या माणसापर्यंत लढा' हा लिस्बनचा हुकूम त्यांनी पाळला नाही, त्याबद्दल गोवेकरांनी त्यांचं थोडं ऋण मानायला हरकत नाही. उरलेली अर्धी गोष्ट न्यूयॉर्कमधली. १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली. युद्ध थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात मतं पडली. विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त). चारांतलं एक मत सोव्हिएत व्हेटोचं होतं, म्हणून ठराव पडला.

अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन त्या दिवशी फार कळवळून बोलले. जगाला अहिंसा शिकवणारा देश बंदूक उचलतो, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. नेहरू स्वतः चौदा वर्षं याच विचाराने थांबले होते, गोव्यातले स्वातंत्र्यसैनिक त्यांच्यावर त्यासाठी चिडलेलेही होते. पण एक वर्ष आधी, डिसेंबर १९६० मध्ये, आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला होता, आणि लगेचच्या दुसऱ्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी दिली होती. तीत गोवा नावानिशी होता. पोर्तुगालचं म्हणणं असं की आमच्याकडे वसाहती नाहीतच. खरंच नव्हत्या, कारण १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून त्यांनी वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असं नाव देऊन टाकलं होतं! पाटी बदलली की दुकान बदलतं, अशी त्यांची समजूत असावी. शेवटी पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्यांनी गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं.

म्हणून २०२२ मध्ये भारत युक्रेनच्या ठरावांवर तटस्थ राहिला तेव्हा म्हापशाच्या बाजारात मी स्वतः ऐकलं, "एकसष्टात आपल्यासाठी हात कोणी वर केला होता?" ऋण म्हणून हे समजतं, पण युक्तिवाद म्हणून पटत नाही. गोवा ही परक्या राजवटीची वसाहत होती. युक्रेन हे संयुक्त राष्ट्रांचं सदस्य असलेलं स्वतंत्र राष्ट्र आहे. एकसष्टच्या व्हेटोची शिदोरी घेऊन प्रत्येक रणगाड्याच्या मागे उभं राहायचं ठरवलं, तर आपण आपलीच बाजू कमजोर करतो.

वादाचं हे असं. पैशाची गोष्ट मात्र सरळ रेषेत जात नाही. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल महाग केलं आणि जग मंदीत गेलं. गोव्यात उलटं झालं. आखातात पैसा ओसंडू लागला, तिथे सुतार, ड्रायव्हर, कारकून, आचारी हवे होते, आणि गावोगावची तरणी माणसं कुवेत, बहरीन, दुबईला लागली. आधी बोटीवर जाणारा तारवटी हाच घरचा मिळवता असायचा, आता त्याच्या जोडीला आखातवाला आला. सासष्टीतली कितीतरी घरं त्या काळात कौलारूची स्लॅबची झाली.

मग २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं, त्यांत गोवेकर पुष्कळ होते. बरेच जण हातातल्या बॅगेनिशी उतरले. जानेवारीत अमेरिकेच्या नेतृत्वाखाली युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिल्यावरून दिल्लीत गदारोळ झाला. महिनाभरात ती सवलत गुंडाळावी लागली. तिकडे तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला, आणि आधीच खिळखिळी झालेली देशाची परकी गंगाजळी तळाला गेली.

२००८ ची मंदी खाणपट्ट्यात कशी पोचली ते मी जवळून पाहिलं आहे. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. तोवर आमच्या हलक्या प्रतीच्या खनिजाला जपानपेक्षा मोठं गिऱ्हाईक मिळालेलं होतं, ते म्हणजे चीन. तिथल्या पोलाद कारखान्यांनी खरेदी आखडली आणि भाव काही महिन्यांत गडगडला. उसगाव-तिस्कला ट्रक रांगेने उभे राहिले. ज्यांनी नुकतंच कर्ज काढून नवा ट्रक घेतला होता ते सकाळी नुसतेच गाडी धुऊन परत घरी येत. एका ओळखीच्याने मला सांगितलं, "हप्ता चुकला त्यापेक्षा टायर एकाच जागी उभा राहून सपाट होतो ना, ते बघवत नाही."

त्या नोव्हेंबरात चीन सरकारने ४ लाख कोटी युआन अर्थव्यवस्थेत ओतायचं जाहीर केलं. पूल, रेल्वे, वस्त्या बांधायच्या म्हणजे पोलाद आलं, आणि पोलाद आलं म्हणजे आमचे डोंगर आले. मंदीवरचा बीजिंगचा उतारा हा गोव्याच्या खाणपट्ट्यातला सर्वांत बेफाम काळ ठरला. रात्रंदिवस ट्रक, रस्त्यावर लाल धुरळा, शाळेला जाणारी पोरं नाकाला रुमाल बांधून. पूर्वी टाकाऊ म्हणून रचून ठेवलेले डंपसुद्धा विकले गेले. २०११ च्या सुरुवातीला चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव टनाला १९० डॉलरच्या घरात गेला. त्याच वर्षात केंद्राने निर्यात शुल्क आधी २० आणि मग ३० टक्के केलं. पुढे बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

पुन्हा थोडं काम सुरू झालं तेव्हा जगच पालटलं होतं. चीनची भूक मंदावली होती आणि २०१५ संपताना तोच भाव ४० डॉलरच्या आसपास होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, तो पुढचा अध्याय. पण बंदीमुळे बुडालो की भावामुळे, हा वाद डिचोलीत अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर अतिहावेचा बराचसा पैसा आणि बराचसा दोष गावाबाहेरचा होता, पण सगळा नव्हे. कर्जावर दुसरा आणि तिसरा ट्रक आम्हीच घेतला.

पर्यटनाची कहाणी याच धाटणीची, म्हणून थोडक्यात. २०१४ मध्ये क्रिमिया, निर्बंध आणि तेलाची घसरण एकत्र आले, रुबल कोसळला आणि त्या हंगामात रशियन चार्टर विमानं कमी झाली. २०१९ मध्ये ब्रिटनची पर्यटन कंपनी थॉमस कुक बुडाली, तेव्हा दक्षिण गोव्यातल्या हॉटेलवाल्यांनी डोक्याला हात लावला. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक मालवाहू जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि इथे घराघरांत तारवट्यांच्या बायका नकाशात बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी शोधू लागल्या.

ब्रिक्सची शिखर परिषद ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला झाली. पुतिन, शी, मोदी असे बडे लोक समुद्रकाठी जमले, जगाच्या मंदावलेल्या वाढीवर आणि सीरियावर बोलले. आसपासच्या रहिवाशांना तेव्हाचा बंदोबस्त तेवढा आठवतो.

आता त्या मोरजीच्या प्रश्नाकडे. १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या वसाहतींसाठी नोटा काढणारी बँक होती बांको नासिओनाल उल्त्रामारिनो. गोवेकरांनी अडीअडचणीला तिथे दागिने गहाण ठेवलेले असत. डिसेंबरचं वारं ओळखून बँकेने ते सोनं आधीच लिस्बनला हलवलं. मालक गोव्यात, पावत्या पेटीत, पाटल्या आणि मंगळसूत्रं पोर्तुगालच्या तिजोरीत. परतफेड करायला तयार असलेल्यालाही वस्तू मिळेना. सोनं परत आलं ते तीस वर्षांनी, १९९१ मध्ये, आणि तोवर कित्येक पावत्यांचे धनी वारले होते. त्याच १९९१ च्या जुलैत, कुवेत युद्धाने कंबरडं मोडलेल्या भारताने जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवायला बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवलं.

मी हे सांगितलं तेव्हा मालक थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने खणातून उधारीची वही काढली, बाईला पासपोर्टावरचं नाव लिहून द्यायला सांगितलं. तिने ते रशियन अक्षरांत लिहिलं. त्याने त्याच्यापुढे खोली नंबर चार आणि रक्कम टाकली.